कैद्याचे व निराश्रिताचे औषध : एक अमानत

पवित्र कुरआनच्या सूरह अद्-दहर (सूरह क्र. ७६) मधील आठव्या व नवव्या आयतीत अल्लाहने आपल्या सदाचारी दासांचे एक लक्षण सांगितले आहे. स्वतःला अन्नाची ओढ असतानाही ते गरजवंताला, अनाथाला आणि कैद्याला खाऊ घालतात. त्याबदल्यात मोबदल्याची तर नाहीच, आभाराच्या दोन शब्दांचीही अपेक्षा ठेवीत नाहीत. या आयतींतील गरजवंत आपल्या परिचयाचा आहे. अनाथांसाठी आपण यतीमखाने चालवितो. तिसरे नाव मात्र वाचता वाचता नजरेतून निसटते. ते नाव कैद्याचे आहे.

प्रस्तुत पाठात त्या तिसऱ्या नावाचा विचार करावयाचा आहे, आणि त्याच्या जोडीने ज्याला घरच नाही अशा आजारी माणसाचाही. वरवर पाहता दोघांची स्थिती परस्परविरुद्ध आहे. एकाला दार उघडता येत नाही, तर दुसऱ्याजवळ लावून घ्यावयास दारच नाही. परंतु आजारी पडताच दोघेही एकाच ठिकाणी येऊन उभे राहतात. औषध अस्तित्वात असते, दवाखानाही असतो. पण त्यांच्या हातापर्यंत ती गोळी पोहोचत नाही. ती पोहोचविणे ही कोणाची जबाबदारी आहे, आणि ती कशी पार पाडावी, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

आयतींचा आशय

मक्का व मदीनेच्या त्या समाजात कैदी म्हणजे बहुधा युद्धात पकडलेला शत्रू असे. अनेक भाष्यकारांनी लक्ष वेधले आहे की, या आयतींत ज्यांना खाऊ घालण्याची प्रशंसा झाली आहे, ते कैदी इस्लामचे अनुयायी नव्हते. बद्रच्या युद्धानंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कैद्यांशी चांगले वागण्याची ताकीद दिली, तेव्हा सहाबा (रजि.) स्वतः खजुरांवर भागवीत आणि भाकरी कैद्यापुढे ठेवीत. भाकरी ही त्या काळी मदीनेत खजुरापेक्षा दुर्मीळ होती. म्हणजे उरलेसुरले नव्हे, तर अधिक चांगले ते त्यांनी कैद्याला दिले.

आदरणीय अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी कथन केलेल्या व सहीह बुखारीत आलेल्या एका हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) तीन आज्ञा एकत्र दिल्या आहेत : भुकेल्याला अन्न देणे, रुग्णाची विचारपूस करणे आणि कैद्याला सोडविणे. ज्या माणसाच्या ठायी भूक, आजार आणि कैद या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्याचा हक्क किती मोठा असेल, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा. सहीह मुस्लिममधील दुसऱ्या हदीसनुसार, अंतिम न्यायाच्या दिवशी अल्लाह आपल्या बंद्याला विचारील की, मी आजारी असताना तू माझी विचारपूस का केली नाहीस? बंदा चकित होईल. तेव्हा त्याला सांगितले जाईल की, अमुक बंदा आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास तर मला तेथेच भेटला असतास. या हदीसमध्ये तो आजारी बंदा महालात होता, तुरुंगात होता की रस्त्याच्या कडेला, याचा उल्लेख नाही.

जो कोंडतो, तो उत्तरदायी होतो

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एका स्त्रीची हदीस आहे. तिने एक मांजर कोंडून ठेवले. स्वतः त्याला खाऊ घातले नाही आणि बाहेर जाऊन किडामुंगी खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. मांजर मेले आणि ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. आपण ही हदीस मुलांना प्राण्यांवरील दयेसाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात एक मोठे तत्त्वही आहे. ज्याची वाट तुम्ही बंद केली, त्याच्या गरजा भागविण्याचे ओझे तुमच्या खांद्यावर आले. मोकळे मांजर स्वतःचे पोट भरू शकत होते. कोंडल्यावर ते त्या स्त्रीची अमानत झाले.

मग माणसाचे काय? मोकळा माणूस ताप आला तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो, उसने पैसे घेतो, शेजाऱ्याला उठवितो. कैदी यापैकी काहीही करू शकत नाही. म्हणूनच खलीफा हारून रशीद यांच्यासाठी लिहिलेल्या ‘किताबुल खराज’ या ग्रंथात इमाम अबू यूसुफ (र.) यांनी कैद्यांचा विषय स्वतंत्रपणे मांडला. कैद्यांना साखळदंडांसह भीक मागावयास बाहेर पाठवू नये, त्यांच्या निर्वाहासाठी राजकोषातून दरमहा ठराविक रक्कम द्यावी, हिवाळ्याचे व उन्हाळ्याचे वेगळे कपडे द्यावेत, आणि बेवारस मृत कैद्याचे गुस्ल, कफन व दफन राजकोषाच्या खर्चाने व्हावे, असे त्यांनी सुचविले.

आधुनिक कायदाही याच तत्त्वापर्यंत येऊन पोहोचला आहे. इंग्रजी अमदानीतील १८९४ च्या कारागृह कायद्याने प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा रुग्णांसाठी योग्य जागा असावी, आणि वैद्यकीय मदत मागणाऱ्या कैद्याचे नाव विलंब न लावता कळवावे, असे बंधन घातले. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या ‘नेल्सन मंडेला नियमां’तील चोविसावा नियम सांगतो की, बाहेरच्या समाजाला मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा कैद्याला विनामूल्य मिळाली पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ने दिलेला जीविताचा हक्क तुरुंगाच्या फाटकाशी संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केले आहे.

बगदादच्या तुरुंगांतील औषधे

कैद्यांसाठी औषधांची नियमित व्यवस्था हा केवळ आजच्या काळातील विचार आहे, असे समजू नये. अब्बासी खलीफा अल-मुक्तदिर (कारकीर्द इ.स. ९०८ ते ९३२) यांच्या काळात अली बिन ईसा हे वजीर होते. रोगराई पसरलेल्या एका वर्षी त्यांनी बगदादचे प्रमुख वैद्य सिनान बिन साबित यांना एक पत्र लिहिले. मध्ययुगीन वैद्यचरित्रकारांनी ते जतन करून ठेवले आहे. त्याचा आशय असा : तुरुंगांत गर्दी असते आणि जागा कष्टप्रद असतात, त्यामुळे तेथे आजार होणारच. कैद्यांना स्वतःची सोय पाहता येत नाही आणि सल्ल्यासाठी वैद्याकडेही जाता येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी वैद्य नेमावेत. त्यांनी दररोज तुरुंगात जावे, औषधे व काढे सोबत न्यावेत, रुग्णांना सोसेल असा आहार द्यावा, आणि एकही तुरुंग वगळू नये.

या पत्रातील कारणमीमांसा लक्षात घेण्याजोगी आहे. कैदी चांगले की वाईट, हा प्रश्न वजिरांनी काढलाच नाही. त्यांनी फक्त एवढेच पाहिले की, हा माणूस स्वतः वैद्याकडे जाऊ शकत नाही. तेव्हा वैद्याने त्याच्याकडे गेले पाहिजे.

पुढे त्यांनी दुसरे पत्र लिहून, जेथे वैद्य नाहीत अशा खेड्यांत औषधांचा साठा घेऊन फिरते पथक पाठविण्यास सांगितले. पथक ज्यू वस्तीच्या गावांत पोहोचले तेव्हा सिनान यांनी विचारणा केली. वजिरांनी उपचारांचा क्रम सांगितला, त्यात मुस्लिमांना अग्रक्रम दिला. परंतु मुस्लिमेतरांना वगळले नाही. स्वतः अली बिन ईसा हेही पुढे पदच्युत होऊन कैदेत गेले. तुरुंगाची भिंत कोणाच्या नशिबी कधी येईल, हे सांगता येत नाही.

आपला जालना जिल्हा

आता बगदादहून आपल्या गावाकडे येऊ. जालना शहरातील काळी मशीद आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती बांधली गेली तेव्हा मशिदीसोबत हम्माम आणि सरायही उभारण्यात आली. म्हणजे नमाजाच्या जागेला लागूनच थकल्याभागल्या मुसाफिराच्या अंघोळीची व निवाऱ्याची सोय होती. मस्जिदे नबवीतही असेच होते. घरदार नसलेले सहाबा तेथील सुफ्फा नावाच्या ओट्यावर राहत, हजारो हदीस आपल्यापर्यंत पोहोचविणारे आदरणीय अबू हुरैरा (रजि.) त्यांपैकीच एक होते. खंदकच्या युद्धात जखमी झालेल्या सअद बिन मुआज (रजि.) यांच्यासाठी त्याच मशिदीत तंबू उभारला गेला. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा (रजि.) यांचे नाव त्या तंबूशी जोडले जाते. निराश्रित आणि रुग्ण हे दोघेही मशिदीच्या अंगणात होते.

आजच्या जालन्यात निराश्रित कोठे आढळतात? रेल्वे स्थानकावर, बसस्थानकाच्या कडेला, दर्ग्यांच्या आवारात. औद्योगिक वसाहतीतील लोखंडाच्या कारखान्यांत काम करण्यासाठी उत्तरेकडील राज्यांतून आलेला एखादा मजूर आजारी पडला की त्याची मजुरी थांबते, आणि खोली सुटताच तो रस्त्यावर येतो. शिवाय मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबे आहेत. त्यांची घरे गावाकडे असतात, परंतु अर्धे वर्ष ती फडाजवळच्या कोपीत राहतात. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू झालेले रक्तदाबाचे किंवा क्षयाचे औषध कारखान्याच्या वाटेवर तुटते.

कैद्यांविषयीही एक वस्तुस्थिती ध्यानी घ्यावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांत सुमारे तीन, न्यायाधीन बंदी होते. त्यांच्यावरील आरोप अद्याप सिद्ध झालेले नव्हते. जिल्हा कारागृहात बहुधा असेच लोक असतात. जामिनाची रक्कम भरू न शकलेला गरीब माणूस त्यांत असतो, आणि त्याला मधुमेह किंवा अपस्मार आधीपासूनच असू शकतो.

तुटलेले औषध

औषधाच्या बाबतीत एक गोष्ट घरच्या मंडळींना समजावून सांगणे आवश्यक आहे. अन्न एकदा दिले तरी ती एक वेळ भागते. बहुतेक दीर्घ आजारांत औषध एकदा देऊन काहीही साधत नाही. ते न तुटता चालू राहण्यातच त्याचा गुण आहे.

क्षयाचे उदाहरण पाहा. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि शासकीय यंत्रणेत तो विनामूल्य मिळतो. पहिल्या दोन महिन्यांत खोकला व ताप ओसरला की रुग्णाला बरे वाटते आणि तो गोळ्या सोडतो. उरलेले जंतू पुन्हा वाढतात, कधी त्या औषधांना दाद न देणारे होऊन वाढतात, आणि गर्दीच्या बराकीत किंवा निवारा केंद्रात इतरांपर्यंत पोहोचतात. रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते. हे आधी कोणी सांगितले नाही तर रुग्ण घाबरून औषध बंद करतो. एका वाक्याच्या अभावी सहा महिन्यांचा उपचार वाया जातो.

अपस्माराची गोळी अचानक थांबली तर लागोपाठ झटके येऊन जीव जाऊ शकतो. मानसिक आजाराचे औषध तुटले की माणूस पुन्हा रस्त्यावर भटकू लागतो. इन्सुलिनची अडचण वेगळीच आहे. ते थंड जागी ठेवावे लागते, आणि मे महिन्यात जालन्याचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. ज्याला घर नाही त्याने ती बाटली कोठे ठेवावी? मशिदीशेजारच्या एखाद्या दुकानदाराने आपल्या फ्रीजमध्ये त्या माणसाच्या नावाची डबी ठेवून घेतली, तर ते लहान काम नव्हे.

औषध तुटण्याचे सर्वांत धोक्याचे तीन दिवस असतात : अटकेचा दिवस, एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलविण्याचा दिवस, आणि सुटकेचा दिवस. अटकेच्या वेळी औषधाची चिठ्ठी घरी राहते. बदलीच्या वेळी कागद मागे राहतात. सुटकेच्या दिवशी माणूस आनंदात बाहेर पडतो, पण त्याच्या खिशात दुसऱ्या दिवसाची गोळी नसते.

ज्ञानाविना औषध देऊ नये

सत्कर्माच्या उत्साहात येथे मोठी चूक घडू शकते. अबू दाऊद, नसाई व इब्न माजा यांनी नोंदविलेल्या हदीसनुसार, वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीस जबाबदार धरला जातो. हेतू चांगला होता, एवढे त्याच्या सुटकेस पुरत नाही. इ.स. ९३१ मध्ये बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावला, तेव्हा सिनान बिन साबित यांनी परीक्षा घेतल्याशिवाय कोणीही वैद्यकी करू नये, असा आदेश निघाला. आठशेहून अधिक वैद्यांना त्या परीक्षेला सामोरे जावे लागले. आपल्या देशात १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याचेच आहे.

म्हणून घराघरांतून उरलेल्या गोळ्या गोळा करून वाटणे हा सदका नव्हे. त्यांत मुदत संपलेल्या, अर्धवट पट्टीतील, उन्हात राहिलेल्या गोळ्या असतात. ज्या गोळ्या आपण स्वतःच्या मुलाला देणार नाही, त्या निराश्रिताला कशा द्याव्यात? सूरह अल-बकराच्या आयत २६७ मध्ये अल्लाहने हेच बजावले आहे की, जी वस्तू स्वतः घेताना तुम्ही डोळे मिटून घ्याल, ती त्याच्या मार्गात देऊ नका.

तुरुंगाबाबत तर अधिक दक्षता हवी. भेटीच्या वेळी नातलगाने कैद्याच्या हातात गुपचूप गोळ्या देणे नियमाविरुद्ध आहे, आणि त्यामागे कारणही आहे. झोपेच्या व वेदनाशामक गोळ्या तुरुंगात साठविल्या जातात, विकल्या जातात, एखादा निराश कैदी त्या एकदम गिळतो. म्हणून अशा गोळ्या कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसमोर घ्यावयास लावतात. योग्य मार्ग असा की, डॉक्टरांची चिठ्ठी व जुने तपासणी अहवाल यांच्या प्रती कारागृह अधीक्षकांकडे लेखी अर्जासह द्याव्यात. औषधाचा निर्णय कारागृहाचे वैद्यकीय अधिकारी घेतील. अर्जाची पोच अवश्य घ्यावी.

‘गुन्हेगाराला औषध कशाला?’

हा प्रश्न आपल्या बैठकांत विचारला जातो, तेव्हा त्याचे उत्तर द्यावयास हवे. मद्यपानाची शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणीतरी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) रोखले आणि आपल्या बंधूविरुद्ध सैतानाचे साहाय्यक होऊ नका असे समजावले. ही हदीस बुखारीत आहे. न्यायालयाने दिलेली शिक्षा कैदेची असते, आजाराची नसते. कैदेत भर घालून वेदना देण्याचा अधिकार आपल्याला कोणीही दिलेला नाही.

शिवाय तुरुंगात असणे हा दुर्जनपणाचा पुरावा नव्हे. प्रेषित यूसुफ (अ.) निरपराध असूनही कारावासात राहिले, आणि तेथील सोबत्यांनी त्यांना उपकारशील माणूस म्हणून ओळखले. इमाम अबू हनीफा (र.) यांचा इ.स. ७६७ मध्ये बगदादच्या कैदेत अंत झाला.

निराश्रिताबद्दलही ‘याला पैसे दिले तर नशा करील’ असे म्हटले जाते. भीती खरी असेल तर पैसे देऊ नयेत. परंतु त्यामुळे उपचार नाकारण्यास आधार मिळत नाही. त्याच्याबरोबर सरकारी दवाखान्यापर्यंत चालत जावे.

आपण काय करू शकतो

१. औषधांची चिठ्ठी घरात सर्वांना ठाऊक असावी. प्रत्येक दीर्घ आजारी व्यक्तीच्या औषधांची नावे, मात्रा व वेळ एका कागदावर लिहून ठेवावी. ऊसतोडीला किंवा परगावी निघताना ती सोबत घ्यावी. क्षयरुग्णाने आपला निक्षय क्रमांक जवळ ठेवावा. त्यावरून दुसऱ्या जिल्ह्यातही औषध चालू ठेवता येते.

२. हक्काची माहिती द्यावी. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य आहेत. क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा मिळणारी ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. औषध मिळत नसल्याची तक्रारही त्या वकिलामार्फत न्यायालयापुढे मांडता येते.

३. भटकणारा मनोरुग्ण दिसल्यास त्याला हुसकावू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा व्यक्तीला संरक्षण देण्याचे आणि चोवीस तासांच्या आत शासकीय आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेण्याचे कर्तव्य पोलिसांवर टाकले आहे. तशी विनंती ठाण्यात जाऊन करावी.

४. आपल्यातील औषधनिर्माते व डॉक्टर यांनी आठवड्यातील दोन तास राखून ठेवावेत. निरक्षर रुग्णाच्या पाकिटावर सकाळच्या गोळीसाठी सूर्य व रात्रीच्या गोळीसाठी चंद्र काढून द्यावा. दिवसातून तीनदा घ्यावयाच्या औषधाऐवजी एकदाच घ्यावयाचे औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. कारण रस्त्यावर राहणाऱ्याच्या गोळ्या भिजतात, हरवतात, चोरीस जातात.

५. रमजानमध्ये विशेष काळजी घ्यावी. तुरुंगातील आजारी रोजेदाराने आपला रोजा वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावा, म्हणजे शक्य असल्यास औषधाच्या वेळा सहरी व इफ्तारशी जुळविता येतील. इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रोजा ठेवू नये. सूरह अल-बकराच्या आयत १८५ मध्ये रुग्णाला दिलेली सवलत अल्लाहनेच दिलेली आहे.

६. निधीचा प्रश्न आलिमांना विचारून सोडवावा. जकातच्या आठ हक्कदारांत (सूरह अत्-तौबा, आयत ६०) फकीर, मिस्कीन आणि मुसाफिर आहेत. मुस्लिमेतर रुग्णांसाठी नफ्ल सदक्याचा वेगळा निधी ठेवावा, म्हणजे दारात आलेल्या कोणाचाही धर्म विचारण्याची वेळ येणार नाही.

पाठाचा बोध

अल्लाहने असा कोणताही आजार उतरविला नाही ज्याचा उपचार उतरविला नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. उपचार उतरविणे हे अल्लाहचे काम. तो बंद्यापर्यंत नेणे आपल्यावर सोपविले आहे. मध्येच तो अडकून राहिला, तर विचारणा आपल्याला होणार आहे.

या महिन्यात कुटुंबाने एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. आपल्या मोहल्ल्यात कोणाच्या घरचा माणूस तुरुंगात आहे, आणि त्याला काही आजार आहे का? आपल्या मशिदीच्या परिसरात रात्री कोण झोपतो, आणि तो कोणती गोळी घेतो? त्याच्या औषधाची उद्याची खेप कोण आणणार?

हे अल्लाह! जे दाराआड आहेत आणि ज्यांना दारच नाही, अशा सर्व रुग्णांना शिफा दे. आमच्या हातांना त्यांची अमानत पोहोचविण्याची तौफीक दे, आणि आभाराच्या अपेक्षेपासून आमची मने मुक्त ठेव. आमीन.